बराकींचे ठाणे : सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओत

गोल्डन गेट पुलाच्या दक्षिण टोकाला लागून, प्रशांत महासागर आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर यांच्या बेचक्यात, सुमारे दीड हजार एकरांचा टेकड्यांचा आणि झाडीचा प्रदेश आहे. त्याचे नाव प्रेसिडिओ. १७७६ पासून १९९४ पर्यंत तो आधी स्पेनच्या, मग मेक्सिकोच्या आणि १८४६ नंतर अमेरिकेच्या सैन्याच्या ताब्यात होता. पूल पाहायला येणारे प्रवासी या भूमीवरूनच येतात आणि जातात, पण तेथे थांबणारे थोडे. आम्ही पती-पत्नी मात्र पूल दुय्यम ठरवून हे जुने लष्करी ठाणे पाहण्यासाठीच गेलो होतो. जाण्यापूर्वीच्या वाचनात एक गोष्ट ठळकपणे नजरेस आली होती. अमेरिकी अमलाच्या दीड शतकात येथील किनाऱ्यावरच्या तोफांनी शत्रूच्या एकाही जहाजावर गोळा डागला नाही. तरीही अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक युद्धाची वाट या ठाण्यातून गेली, कारण त्याचे खरे काम माणसे ठेवून घेण्याचे होते. बोटीची वाट पाहणारे शिपाई, परतलेले जखमी, भूकंपात बेघर झालेले नागरिक, गुप्तपणे भाषा शिकणारे विद्यार्थी आणि स्वतःच्याच सैन्याने डांबलेले कैदी, असे सर्व प्रकारचे लोक येथे राहून गेले. म्हणून आमचा सगळा भर तोफांपेक्षा बराकींवर होता.

शुक्रवार

मुक्काम आम्ही ठाण्यातच केला. मुख्य चौकाजवळची पर्शिंग हॉल ही विटांची इमारत १९०३ मध्ये अविवाहित अधिकाऱ्यांच्या निवासासाठी बांधली गेली आणि २०१२ पासून तेथे निवासगृह चालते. सामान टाकून आम्ही थेट जुन्या ऑफिसर्स क्लबात गेलो, कारण ठाण्यातला सर्वांत जुना बांधकामाचा अंश तेथे उघडा करून ठेवला आहे. आतल्या एका दालनात भिंतीचा गिलावा मुद्दाम काढलेला आहे आणि त्यामागे माती, वाळू व गवत कालवून उन्हात वाळवलेल्या, न भाजलेल्या विटा दिसतात. भिंत इतकी जाड आहे की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आरामात बसू शकेल. विटांच्या कडा झिजून गोलसर झाल्या आहेत आणि मध्येच गवताची एखादी काडी अजून वर आलेली दिसते.

या भिंती स्पॅनिश काळाच्या परंपरेतल्या. १७७६ च्या मार्चमध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा याने ही जागा निवडली, जूनमध्ये होसे होआकिन मोरागा याच्या नेतृत्वाखाली वसाहतवाल्यांचा तांडा येथे पोहोचला आणि १७ सप्टेंबर १७७६ रोजी ठाण्याची रीतसर स्थापना झाली. त्यापूर्वी हजारो वर्षे हा ओहलोनी लोकांचा मुलूख होता, हे येथील फलक स्पष्टपणे सांगतात आणि ते योग्यच आहे. शिपाई सहकुटुंब आले होते. चौकोनी आवार, त्याभोवती मातीच्या भिंती आणि भिंतींना लागून खोल्या, असा आराखडा होता. पण या भागातला हिवाळी पाऊस मातीच्या बांधकामाचा शत्रू, आणि दूरच्या सरकारकडून पैसा येत नसे, त्यामुळे भिंती बांधायच्या, पडायच्या आणि पुन्हा बांधायच्या हा क्रम अखंड चालू राहिला. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर ठाणे त्याच्याकडे गेले, पण १८३५ मध्ये बहुतेक शिबंदी उत्तरेला सोनोमा येथे हलवण्यात आली. १८४६ मध्ये अमेरिकी लोक आले तेव्हा त्यांना लढायला कोणी उरलेच नव्हते. त्या मूळ आवाराचा पाया १९९३ मध्ये जमिनीखाली सापडला आणि तेव्हापासून येथे पुरातत्त्वीय उत्खनन चालू आहे.

क्लबातून बाहेर पडून आम्ही फन्स्टन मार्गावर आलो. तेथे १८६२ मध्ये बांधलेली अधिकाऱ्यांची लाकडी घरे एका ओळीत आहेत. मूळ बांधकामात त्यांची तोंडे आतल्या कवायतीच्या मैदानाकडे होती, पण शहर वाढून ठाण्याच्या फाटकापर्यंत आले तेव्हा पाहुण्यांना घरांच्या मागच्या बाजू दिसू लागल्या. यावर उपाय म्हणून १८७८ मध्ये घरांच्या पुढच्या बाजू फिरवून शहराकडे करण्यात आल्या. नागरी समाजाकडे पाठ फिरवून बसलेली छावणी त्या दिवशी त्याच्याकडे तोंड करून बसली, असे म्हणायला हरकत नाही. पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, मेजर विल्यम जोन्स याने उघड्या वाळूच्या टेकड्यांवर वृक्षलागवडीची योजना मांडली. टेकड्यांचे माथे झाडांनी झाकले की ठाणे आहे त्यापेक्षा पुष्कळ मोठे भासेल, असा त्याचा उघड हेतू होता. आज जे निलगिरी, सायप्रस आणि पाइन यांचे जंगल नैसर्गिक वाटते, ते प्रत्यक्षात लष्करी शिस्तीत लावलेले आहे, आणि काही ठिकाणी झाडांच्या सरळ रांगा अजून ओळखू येतात.

दुपारनंतरचा सगळा वेळ आम्ही माँटगोमेरी मार्गावरच्या बराकींना दिला. मुख्य मैदानाच्या पश्चिम कडेला लाल विटांच्या पाच भव्य इमारती ओळीने उभ्या आहेत. त्या १८९५ ते १८९७ या काळात बांधल्या गेल्या. त्यांच्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पश्चिमेकडील मूळ रहिवाशांविरुद्धची युद्धे तोपर्यंत संपली होती आणि सैन्याने सरहद्दीवरची लहान लहान ठाणी बंद करून रेल्वे व बंदरे यांच्याजवळच्या थोड्या पण मोठ्या ठाण्यांत पलटणी एकत्र आणायला सुरुवात केली होती. लाकडी, तात्पुरत्या बराकींऐवजी कायमस्वरूपी विटांच्या बराकी आल्या, त्या या धोरणामुळे. पाचही इमारतींना पुढे पांढऱ्या खांबांची लांब ओसरी आहे, खिडक्यांच्या रांगा एकसारख्या आहेत आणि कोणतीही एक इमारत दुसरीपेक्षा उठून दिसू नये याची काळजी घेतलेली जाणवते. ओसरीच्या पायऱ्यांवर उभे राहिले की समोर पूर्ण मैदान आणि त्यापलीकडे उपसागर दिसतो. सैन्याच्या शेवटच्या काळात या मैदानाचे डांबरी वाहनतळात रूपांतर झाले होते. ते काढून तेथे पुन्हा हिरवळ केली आहे.

बराकी बांधून पुऱ्या होतात न होतात तोच १८९८ चे स्पेनशी युद्ध सुरू झाले आणि मनिलाला जाणाऱ्या फौजांची येथे रीघ लागली. नव्या इमारती कोठून पुरणार? हजारो शिपाई तंबूंत राहिले, रोगराई पसरली आणि मोठ्या लष्करी रुग्णालयाची गरज भासली. त्यातूनच पुढे लेटरमन रुग्णालय उभे राहिले. ते आता नाही. त्याच्या जागी २००५ पासून चित्रपटांच्या डिजिटल कामाचे संकुल आहे.

या पाच बराकींपैकी १०४ क्रमांकाच्या इमारतीत २००९ पासून वॉल्ट डिस्ने यांच्या कुटुंबाचे संग्रहालय आहे आणि १०५ क्रमांकाच्या इमारतीत २०१८ पासून हॉटेल आहे. मला हा बदल पूर्णपणे पटला असे म्हणवत नाही. विटा, खिडक्या आणि ओसऱ्या उत्तम राखल्या आहेत यात शंका नाही. पण रांगेने मांडलेल्या लोखंडी खाटा, सामाईक न्हाणीघरे, एकाच दालनात घोरणारी पन्नास-साठ माणसे, हे बराकीतले जगणे आता तेथे कोठेही पाहायला मिळत नाही. इमारत वाचवायची तर तिला भाडेकरू हवा आणि भाडेकरूला खाजगीपणा हवा, या गणितात शिपायाचे जगणे गळून पडले आहे.

संध्याकाळी ठाण्याच्या त्याहून जुन्या, अजून उभ्या असलेल्या रुग्णालयाच्या इमारतीमागे जतन केलेल्या दोन लहान लाकडी खोल्या पाहिल्या. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर आणि त्यापाठोपाठ लागलेल्या आगीनंतर शहरातील लाखो लोक बेघर झाले. येथील सैन्याचे वरिष्ठ अधिकारी जनरल फ्रेडरिक फन्स्टन यांनी कोणाच्या विनंतीची वाट न पाहता सैन्य शहरात उतरवले. लष्करी कायदा प्रत्यक्षात कधीच जाहीर झाला नव्हता, तरी लोकांची समजूत तशीच होती. प्रेसिडिओत निर्वासितांच्या तंबूंच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि चिनी लोकांसाठी वेगळी छावणी ठेवण्यात आली. एवढ्या मोठ्या संकटातही वेगळेपणाची रेघ पुसली गेली नाही. पुढे शहरातल्या छावण्यांसाठी एकंदर ५,६१० छोट्या लाकडी खोल्या बांधल्या गेल्या, त्या महिना दोन डॉलर भाड्याने दिल्या गेल्या आणि पुष्कळ कुटुंबांनी नंतर त्या घोड्यांच्या गाड्यांवर चढवून आपापल्या जमिनीवर नेल्या. येथे जतन केलेली खोली दोन पावलांत ओलांडून संपते.

निवासाकडे परतताना पर्शिंग चौकातील ध्वजस्तंभ लागला. जनरल जॉन पर्शिंग टेक्सासच्या सरहद्दीवर असताना २७ ऑगस्ट १९१५ रोजी येथील त्यांच्या घराला आग लागली आणि त्यात त्यांची पत्नी व तीन मुली मृत्युमुखी पडल्या. मुलगा तेवढा वाचला. दोनच वर्षांनी तेच पर्शिंग पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील अमेरिकी फौजांचे सरसेनापती झाले. घर जेथे होते तेथेच हा स्तंभ आहे.

शनिवार

शनिवारचा दिवस मुद्दाम राखून ठेवला होता, कारण ६४० क्रमांकाची इमारत आठवड्याच्या शेवटीच उघडी असते. मुख्य मैदानावरून खाली उतरणारा रस्ता आता महामार्गाच्या बोगद्यांवर केलेल्या, २०२२ मध्ये खुल्या झालेल्या उद्यानातून जातो आणि समोर क्रिसी फील्ड पसरलेले दिसते. १९२१ मध्ये येथे लष्करी विमानतळ झाला. वारा आणि धुके यांमुळे ही जागा वैमानिकांना कायमच अडचणीची होती आणि पुलाचे काम सुरू झाल्यावर तर ती अधिकच गैरसोयीची ठरली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे महत्त्व संपले. भराव घालून बुजवलेली मूळची खाजण जमीन काही अंशी पुन्हा मोकळी करून २००१ मध्ये तेथे भरतीचे पाणी परत आणले गेले आहे.

धावपट्टीच्या कडेला, टपालविमानांसाठी बांधलेल्या एका साध्या पत्र्याच्या इमारतीत, १ नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वी पाच आठवडे, सैन्याने गुप्तपणे जपानी भाषेची शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत ६० विद्यार्थी होते. त्यांपैकी ५८ जपानी वंशाचे अमेरिकी नागरिक होते. शिकवणारेही जपानी वंशाचेच होते आणि त्यांचे प्रमुख जॉन आइसो हे शिक्षणाने वकील होते. टेबलखुर्च्या नव्हत्या, म्हणून संत्र्यांच्या लाकडी खोक्यांवर काम भागवण्यात आले. पडद्याच्या एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला झोपण्याची जागा, अशी ही शाळा आणि बराक एकाच छपराखाली होती. आजच्या प्रदर्शनात या गोष्टी नेमक्या आणि संयत रीतीने मांडल्या आहेत. शत्रूचे कागद वाचणे, पकडलेल्या सैनिकांची जबानी घेणे, लष्करी लिपी उलगडणे हा अभ्यासक्रम होता. मे १९४२ मध्ये ४५ जण उत्तीर्ण झाले आणि त्यांच्यापैकी अनेकांना प्रशांत महासागरातील अल्यूशियन बेटे व ग्वाडलकॅनाल या युद्धभूमींवर पाठवण्यात आले.

आता दुसरी बाजू. याच ठाण्याच्या मुख्य चौकात, येथून पायी सहज जाता येईल इतक्या अंतरावर, पश्चिम संरक्षण विभागाचे प्रमुख जनरल जॉन डेविट यांचे मुख्यालय होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि त्याच्या बळावर डेविट यांनी जपानी वंशाच्या लोकांना किनारपट्टीवरून हलवण्यासाठी एकामागून एक १०८ हुकूम जारी केले. सुमारे १,२०,००० माणसे काटेरी तारांच्या आतल्या छावण्यांत गेली आणि त्यांच्यापैकी दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होती. म्हणजे एका इमारतीत बसून तरुण शिपाई ज्या सैन्यासाठी रात्रंदिवस अभ्यास करत होते, त्याच सैन्याच्या दुसऱ्या इमारतीतून त्यांच्या आईवडिलांना घर सोडण्याचे हुकूम निघत होते. शाळेतले शिक्षक आणि विद्यार्थीही त्याच वंशाचे असल्यामुळे मे १९४२ नंतर शाळा तेथे चालवणे अशक्य झाले आणि ती मिनेसोटा राज्यात हलवावी लागली. युद्ध संपेपर्यंत या शाळेतून सुमारे सहा हजार जण शिकून बाहेर पडले, पण त्यांचे काम १९७० च्या दशकापर्यंत गुप्ततेच्या पडद्याआड राहिले. अमेरिकी सरकारने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. प्रेसिडिओत अनेक स्मारके आहेत, परंतु माझ्या मते या ठाण्याचा सगळा स्वभाव एकट्या ६४० क्रमांकाच्या इमारतीत सापडतो.

या कथेचे एक पुढचे पान मुख्य चौकाजवळच्या गोल्डन गेट क्लबात आहे. पूर्वी ती शिपायांच्या करमणुकीची इमारत होती. ८ सप्टेंबर १९५१ रोजी शहरातील ऑपेरा हाउसमध्ये जपानशी शांततेचा तह झाला आणि त्याच दिवशी येथे, बऱ्याच कमी गाजावाजात, अमेरिका आणि जपान यांच्यातील सुरक्षा करारावर सह्या झाल्या. जपानच्या वतीने पंतप्रधान शिगेरू योशिदा यांनी एकट्याने सही केली. त्या करारामुळे अमेरिकी फौजा जपानमध्ये राहणार हे पक्के झाले. भारताने या परिषदेला जाण्याचे नाकारले होते आणि परकीय फौजा जपानमध्ये ठेवण्याची तरतूद हे त्यामागचे एक कारण होते. भारताने १९५२ मध्ये जपानशी स्वतंत्र तह केला. इमारत आता समारंभांसाठी भाड्याने मिळते. आम्ही गेलो तेव्हा लग्नाची तयारी चालू होती, त्यामुळे दारातूनच परतलो.

उरलेल्या वेळात फोर्ट पॉइंट पाहिला. १८५३ ते १८६१ या काळात बांधलेला हा विटांचा किल्ला पुलाच्या बरोबर खाली आहे. तो पुरा होतो न होतो तोच, एप्रिल १८६२ मध्ये, जॉर्जिया राज्यातील तशाच विटांच्या फोर्ट पुलास्कीच्या भिंती नव्या आटेदार नळीच्या तोफांनी फोडल्या आणि या प्रकारचे सारे किल्ले जुने ठरले. पुलाचे प्रमुख अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी किल्ला पाडण्याऐवजी त्याच्यावरून एक स्वतंत्र पोलादी कमान टाकली, म्हणून तो वाचला. आत शिपायांच्या राहण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. दगड आणि वीट यांच्यामधून येणारी समुद्राची ओल भर दुपारीही अंगाला लागते.

रविवार

सकाळी राष्ट्रीय दफनभूमीत गेलो. १८८४ मध्ये ती राष्ट्रीय दफनभूमी झाली आणि पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच. सुमारे तीस हजार थडग्यांत चारशेहून अधिक थडगी कृष्णवर्णीय पलटणींमधील सैनिकांची, म्हणजे बफेलो सोल्जर्सची, आहेत. नवव्या घोडदळातील या सैनिकांनी १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मिरवणुकीत रक्षकांचे काम केले. त्याच उन्हाळ्यात कॅप्टन चार्ल्स यंग आपल्या घोडेस्वारांना घेऊन येथून सेकोया अरण्यात गेले. राष्ट्रीय उद्यानांसाठी तेव्हा वेगळे वनरक्षक नव्हते, त्यामुळे रस्ते बांधणे आणि चोरटी शिकार व चराई रोखणे ही कामे लष्कराकडेच होती.

तेथून बेकर बीचजवळच्या चेंबरलिन तोफखान्यावर गेलो. १९०४ मध्ये बांधलेल्या या ठिकाणी सहा इंची तोफेचे प्रात्यक्षिक महिन्यातील ठरावीक दिवशी दाखवतात. उद्यानाचे कर्मचारी प्रेक्षकांतूनच तोफखान्याची तुकडी उभी करतात आणि त्यांच्याकडून कवायत करवून घेतात. तोफ उडाली की मागे बसणाऱ्या धक्क्यानेच ती भिंतीआड खाली येते आणि त्याच वेळी एक प्रचंड वजन वर उचलले जाते. भिंतीच्या आडोशाने ती पुन्हा भरायची आणि खटका सोडायचा, म्हणजे वजन खाली येते आणि कित्येक टनांची नळी आवाज न करता भिंतीवर डोके काढते. समुद्रावरील शत्रूला दिसू नये म्हणून रचलेली ही युक्ती विमान आल्यावर निरुपयोगी झाली, कारण वरून पाहणाऱ्याला भिंतीचा अडसर नव्हता.

शेवटी फोर्ट विनफिल्ड स्कॉट. किनारी तोफखान्याचे स्वतंत्र ठाणे म्हणून १९१२ मध्ये ते वेगळे करण्यात आले. येथील बराकी विटांच्या नाहीत. त्या काँक्रीटच्या, फिकट रंगाच्या आणि लाल कौलांच्या आहेत, कॅलिफोर्नियातील स्पॅनिश मिशनच्या धर्तीवर बांधलेल्या आणि कवायतीच्या मैदानाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेल्या. माझ्या नजरेला या माँटगोमेरी मार्गावरच्या बराकींपेक्षा अधिक देखण्या वाटल्या. त्यांतल्या अनेक रिकाम्या आहेत. एका खिडकीतून आत डोकावले तर पोपडे निघालेल्या भिंती, छतापासून लोंबणारी वायर आणि लांबच लांब रिकामे दालन दिसले. सबंध प्रेसिडिओत बराकीचे खरे मोजमाप डोळ्यांत भरले ते येथेच.

याच आवारातील लष्करी तुरुंगात व्हिएतनाम युद्धाच्या काळात क्षमतेपेक्षा जास्त कैदी कोंबलेले होते आणि त्यांतले बहुतेक पलटणीतून न सांगता निघून गेलेले तरुण होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कामावर नेलेला रिचर्ड बंच हा १९ वर्षांचा कैदी पहारेकऱ्याच्या बंदुकीने मारला गेला. तीन दिवसांनी २७ कैदी सकाळच्या हजेरीच्या रांगेतून बाहेर पडले, हिरवळीवर बसले, गाणी म्हणू लागले आणि आपल्या मागण्या वाचून दाखवू लागले. सैन्याने त्यांच्यावर बंडाचा आरोप ठेवला आणि सुरुवातीला काहींना १४ ते १६ वर्षांच्या शिक्षा झाल्या. देशभर ओरड झाल्यावर त्या खूपच कमी करण्यात आल्या. बसून गाणे म्हणण्याला बंड ठरवणाऱ्या त्या खटल्यांनी सैन्याचीच अब्रू अधिक गेली, असे माझे मत आहे.

सैन्य येथून गेले ते युद्ध हरून नव्हे, तर खर्चाच्या कारणाने. १९८८ मध्ये ठाणे बंद करण्याचा निर्णय झाला. पण अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य फिलिप बर्टन यांनी १९७२ च्या कायद्यात, सैन्याने जागा सोडली तर ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे जाईल, अशी तरतूद आधीच करून ठेवली होती. म्हणून या अत्यंत महागड्या जमिनीचा लिलाव झाला नाही आणि १ ऑक्टोबर १९९४ रोजी हस्तांतर झाले. शेकडो जुन्या इमारतींची देखभाल सरकारी तिजोरीला झेपेना, तेव्हा १९९६ मध्ये प्रेसिडिओ ट्रस्ट स्थापन करण्यात आला. २०१३ पर्यंत स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहा, नाहीतर जमीन विकली जाईल, अशी अट त्याला घातली गेली. ट्रस्टने मुदतीत अट पुरी केली, ती मुख्यतः अधिकाऱ्यांची घरे आणि बराकी भाड्याने देऊन. हॉटेल झालेल्या बराकीसमोर शुक्रवारी माझ्या मनात आलेली नाराजी या हिशेबापुढे थोडी सौम्य झाली, मावळली मात्र नाही. फोर्ट स्कॉटच्या रिकाम्या इमारतींना भूकंपरोधक बळकटी, नवी वीजजोडणी आणि पाण्याच्या नळांपासून सर्व काही लागणार आहे आणि एवढा खर्च उचलणारा भाडेकरू सहज मिळत नाही. कवायतीच्या मैदानावर त्या दुपारी काही मुले चेंडू खेळत होती आणि ठाण्यात फिरणारी मोफत बस मैदानाच्या कडेला थांबली होती. तीच पकडून आम्ही मुख्य चौकात परतलो. जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार धरूनच बेत आखावा, कारण ६४० क्रमांकाची इमारत आणि फोर्ट पॉइंट इतर दिवशी बंद मिळण्याचा संभव असतो. तोफेच्या प्रात्यक्षिकाची तारीखही आधी पाहून घ्यावी, आणि फोर्ट स्कॉटसाठी अर्धा दिवस तरी मोकळा ठेवावा.